शब्दवेध : म्हसवड

म्हसवड या नावात म्हैस आणि वड हे दोन शब्द सहज ऐकू येतात. संस्कृत महिष प्राकृतात महिस झाला आणि मराठीत त्याची म्हैस झाली. जोडशब्दात तीच ‘म्हस’ होते, जसा म्हसोबा. ‘वट’चा वड होणेही नेहमीचेच. व्युत्पत्ती सरळ दिसते, पण म्हशीला डुंबायला पाणी लागते आणि म्हसवड ज्यात येते तो माणदेश हा मेंढरांचा, घोंगडीचा दुष्काळी मुलूख! इथले मोठे पाणी इंग्रजी अमदानीत माणगंगा अडवून केलेल्या तलावाचे. लोक त्याला राजेवाडीचा म्हणतात, जुन्या सरकारी कागदांत मात्र तो म्हसवडचा तलाव.

नदीच्या नावातली ‘गंगा’ही बघण्यासारखी आहे. पैनगंगा, वैनगंगा, पंचगंगा यांप्रमाणे इथेही तिचा अर्थ नुसता ‘नदी’. खरे नाव माण. त्यावरून तालुकाही माणच, कचेरी मात्र दहिवडीला.

म्हसवडकराला गावाची ओळख विचारा, तो आधी सिद्धनाथ-जोगेश्वरीचे नाव घेईल आणि मार्गशीर्षातल्या रथाच्या यात्रेचे आमंत्रण देईल. रथावर इतके गुलाल-खोबरे उधळले जाते, की पांढरा सदरा घालून जाणे हा वेडेपणाच.

इतिहासात गावाचे नाव येते ते माने घराण्यामुळे. सेनापती संताजी घोरपडे 1697 मध्ये मारले गेले, त्या हत्येशी म्हसवडच्या नागोजी मान्यांचे नाव जोडले जाते. अलीकडे 1997 साली इथेच माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली आणि तिच्या पाटीवर नदीचे नाव पुन्हा चढले.