खरवडलेलं लेबल

इंग्लंडच्या वायव्येला विगन नावाचं गाव आहे, एके काळी कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्यांचं. तिथल्या विगन कॅसिनो या नाचघरात १९७३ पासून १९८१ पर्यंत पोरं शनिवारी मध्यरात्र उलटल्यावर जमायची आणि सकाळी आठपर्यंत नाचायची. नाचायची कशावर, तर आठ-दहा वर्षांपूर्वी अमेरिकेतच सपशेल पडलेल्या सोल गाण्यांवर. रेकॉर्ड जितकी दुर्मीळ तितका ती वाजवणाऱ्या डीजेचा भाव मोठा. या सगळ्या प्रकाराला नॉर्दर्न सोल म्हणतात. हे नाव दिलं सोल संगीतावर लिहिणाऱ्या डेव्ह गॉडिनने. फुटबॉलचे सामने बघायला उत्तरेकडून लंडनला आलेली गिऱ्हाइकं त्याच्या सोल सिटी या दुकानात जुन्या धाटणीच्याच रेकॉर्डी मागत. त्या वेगळ्या काढून ठेवाव्यात म्हणून नोकरांना समजावं एवढाच त्या नावाचा पहिला उपयोग. १९७० साली ते त्याच्या सदरात छापून आलं. ही गोष्ट सगळीकडे सापडते, म्हणून तिच्यात अडकत नाही.

मला अडकवलं एका पांढऱ्या कागदाने.

हाती दुर्मीळ रेकॉर्ड लागली की डीजे तिच्या लेबलावर कागद चिकटवायचा आणि त्यावर गायकाचं नि गाण्याचं खोटंच नाव लिहायचा. याला ते 'कव्हर-अप' म्हणतात. खरं नाव फुटलं की दुसरा डीजे तीच रेकॉर्ड अमेरिकेतून मागवणार, आणि कुणीतरी तिच्या चोरट्या प्रती काढून विकणार. मग रात्रभर गाडी हाकून विगनला यायचं कशाला?

यातलं गाजलेलं उदाहरण फ्रँक विल्सनचं. १९६५ साली त्याने मोटाउन या रेकॉर्ड कंपनीसाठी 'डू आय लव्ह यू (इन्डीड आय डू)' गायलं. प्रसिद्धीसाठी सुमारे अडीचशे प्रती निघाल्या. मग विल्सनने गाणं सोडून निर्मात्याचं काम पत्करलं आणि प्रती नष्ट झाल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वाचल्या. हे गाणं विगनमध्ये वाजलं ते एडी फॉस्टरच्या नावाने. बिचारा एडी फॉस्टर खराखुरा गायक, त्याचा या गाण्याशी काडीचा संबंध नाही. पुढे चोरटी प्रत निघाली तीही फॉस्टरच्याच नावावर! चोराने मालासकट थापही उचलली. मूळ प्रतींपैकी एक २०२० साली एक लाख पौंडांच्या वर गेली.

ही युक्ती काढली कुणी? उत्तरेकडची मंडळी मँचेस्टरच्या ट्विस्टेड व्हील क्लबाकडे आणि तिथल्या रॉब बेलर्स या डीजेकडे बोट दाखवतात. मीही ते मानून चाललो होतो. मग जमैकाच्या साउंड सिस्टिमबद्दल वाचायला घेतलं आणि कॉक्सन भेटला.

१९५० च्या दशकातलं जमैकाचं किंग्स्टन. उघड्या अंगणात कपाटाएवढे स्पीकर लावून अमेरिकन रिदम अँड ब्लूज वाजवायचं आणि गर्दी खेचायची, हा तिथला धंदा. यालाच साउंड सिस्टिम म्हणत. क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड एकीकडे, माजी पोलीस ड्यूक रीड दुसरीकडे. कॉक्सन अमेरिकेत शेतमजुरी करून आलेला, येताना रेकॉर्डी घेऊन आला. त्यांची लेबलं त्याने खरवडून टाकली. विलिस जॅक्सनचं 'लेटर फॉर द गेटर' त्याच्या अंगणात 'कॉक्सन हॉप' म्हणून वाजायला लागलं. खरं नाव बराच काळ कुणाला लागलं नाही. अखेर ड्यूक रीडने ती रेकॉर्ड हुडकली आणि कॉक्सनच्या देखत वाजवली.

लेबल नाहीसं करायचं आणि वर नवं बारसं करायचं, दोन्ही गोष्टी इथे हजर आहेत. विगनच्या बरीच वर्षं आधी.

आता किंग्स्टनहून मँचेस्टरला वाट कुठून? ड्यूक विन आणि काउंट सकल हे दोघे केळ्यांच्या बोटीत लपून इंग्लंडला आले. विनने १९५५ मध्ये लंडनमध्ये ब्रिटनमधली पहिली साउंड सिस्टिम उभी केली. सकल पुढे कार्नबी स्ट्रीटच्या रोअरिंग ट्वेंटीज क्लबात रेकॉर्डी वाजवू लागला आणि तिथे मॉड म्हणवणारी, कपड्यांची शौकीन गोरी पोरं यायला लागली. ट्विस्टेड व्हील हा मुळात मॉडांचाच अड्डा, तिथे सोलबरोबर जमैकन स्काही वाजे. खरवडण्याची विद्या या पोरांच्या खिशातून उत्तरेला गेली, असा माझा तर्क. तर्कच, पण पक्का.

विरोधी पक्ष म्हणतो, गरज सारखी असली की अक्कलही सारखीच सुचते. या म्हणण्यात दम आहे हे मला कबूल करावं लागतं. अमेरिका रॉक अँड रोलकडे वळली तेव्हा किंग्स्टनला जुनाच ठेका हवा होता. अमेरिका फंककडे वळली तेव्हा विगनलाही जुनाच हवा होता. दोघांना नवा माल मिळेना. जमैकाने स्वतःची गाणी ध्वनिमुद्रित करायला घेतली आणि त्यातून स्का जन्मला. इंग्रजांनी अमेरिकेतली गोदामं उपसली. टंचाई आली की लपवाछपवी येणारच, तिला बाप लागत नाही.

त्यांचा दुसरा मुद्दा अधिक बोचरा. जमैकन खरवडतो, इंग्रज चिकटवतो. पण तबकडीचं लेबल बहुधा डिंकाने लावलेलं नसतं, दाबतानाच ते तापल्या मालात बसवतात. ते काढायचं म्हणजे तासावं नाहीतर भिजवून सोडवावं लागतं. कॉक्सनला रेकॉर्ड हे गर्दी जमवण्याचं हत्यार, तासायला त्याचं काय जातं? विगनवाल्याला तीच रेकॉर्ड म्हणजे ठेव, उद्या विकायची. तो तिला ओरखडा कसा काढील? घराणं तेच, फक्त मुलगा श्रीमंत निघाला.

शिवाय एक भाऊ साक्षीला आहे. किंग्स्टनमध्ये जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजे डीजे कूल हर्क, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये रेकॉर्डी पाण्यात भिजवून लेबलं सोडवायचा. (काउंट सकलही कॅम्पबेलच, पण आडनावावरून सोयरीक जुळवू नका. जमैकात कॅम्पबेल आपल्याकडच्या पाटलांइतके आहेत.) हिप-हॉपचा जन्म मानतात ती हर्कची पार्टी ११ ऑगस्ट १९७३ ची, आणि विगन कॅसिनोची पहिली रात्र त्याच वर्षीच्या २३ सप्टेंबरची. ब्रॉन्क्समध्ये ही खोड जमैकन माणसाच्या हातून आली हे कुणी नाकारत नाही. मग लंडनला उतरलेले जमैकन तेवढे ती बोटीतच विसरून आले असं का मानायचं?

ड्यूक विनच्या आधीची, म्हणजे १९५५ पूर्वीची, नाव झाकलेली एखादी इंग्लिश नाचघरातली तबकडी कुणी समोर ठेवली तर मी हा दावा मागे घेईन. तोवर कूळ किंग्स्टनचं.