दुर्मीळ सिंगल माल्ट स्कॉच व्हिस्कीचा संग्रह

दुर्मीळ सिंगल माल्ट स्कॉच व्हिस्कीचा संग्रह म्हणजे स्कॉटलंडमधील एकाच आसवनीत (डिस्टिलरीत) तयार झालेल्या, दीर्घकाळ पिंपात मुरलेल्या आणि अल्प संख्येने उरलेल्या व्हिस्कीच्या बाटल्या जमवणे. अशा बाटल्यांची खरेदी-विक्री प्रामुख्याने लिलावांतून होते. बाटली उघडली की तिचे संग्रहमूल्य संपते. त्यामुळे आतील द्रव अस्सल आहे की नाही हे बाटली न फोडता ठरवणे, ही या क्षेत्रातील मुख्य अडचण मानली जाते.

व्याख्या आणि वय

सिंगल माल्ट स्कॉच व्हिस्की केवळ मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून एकाच आसवनीत पॉट स्टिल प्रकारच्या भट्ट्यांमध्ये गाळली जाते. स्कॉच व्हिस्की नियमावली, २००९ नुसार ती ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओक लाकडाच्या पिंपांत, स्कॉटलंडमध्येच किमान ३ वर्षे मुरवावी लागते. तिच्यात अल्कोहोलचे प्रमाण किमान ४० टक्के असणे आवश्यक असते. लेबलवरील वय म्हणजे बाटलीतील सर्वांत कमी मुरलेल्या व्हिस्कीचे वय होय.

वाइनप्रमाणे व्हिस्की बाटलीत मुरत नाही. १२ वर्षे पिंपात ठेवून १९६० मध्ये बाटलीबंद केलेली व्हिस्की आजही १२ वर्षांचीच मानली जाते.

दुर्मीळतेची कारणे

पिंपातील व्हिस्कीचे सतत बाष्पीभवन होत असते. स्कॉटलंडमध्ये ही घट दरवर्षी सुमारे २ टक्के धरली जाते आणि तिला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. तेथील थंड व दमट हवेत अल्कोहोलचे प्रमाणही हळूहळू घटते. ते ४० टक्क्यांखाली गेल्यास तो द्रव स्कॉच व्हिस्की म्हणून विकता येत नाही. म्हणूनच ५०-६० वर्षे टिकलेली पिंपे मोजकीच असतात.

बंद पडलेल्या आसवन्यांच्या बाटल्यांनाही मोठी मागणी असते. पोर्ट एलन व ब्रोरा या आसवन्या १९८३ मध्ये, तर रोझबँक १९९३ मध्ये बंद झाली. २०२० च्या दशकात तिन्ही पुन्हा सुरू झाल्या. मात्र त्यांचा जुना साठा मर्यादितच आहे.

मॅकॅलन १९२६

स्पेसाइड भागातील मॅकॅलन आसवनीत १९२६ मध्ये गाळलेली व्हिस्की २६३ क्रमांकाच्या शेरी पिंपात ६० वर्षे मुरवून १९८६ मध्ये बाटलीबंद करण्यात आली. तिच्या केवळ ४० बाटल्या भरल्या. त्यांपैकी १२ बाटल्यांवर ब्रिटिश चित्रकार पीटर ब्लेक यांचे, तर १२ बाटल्यांवर इटालियन चित्रकार व्हालेरियो आदामी यांचे लेबल आहे. १४ बाटल्या ‘फाइन अँड रेअर’ मालिकेत आल्या. लेबल न लावलेल्या उरलेल्या दोन बाटल्यांपैकी एक आयरिश चित्रकार मायकेल डिलन यांनी हाताने रंगवली. सर्व बाटल्यांतील व्हिस्की एकाच पिंपातील असली, तरी लेबलनुसार त्यांच्या किमती भिन्न आहेत.

या व्हिस्कीच्या बाटल्यांना लिलावात मिळालेल्या काही किमती:
- नोव्हेंबर २०१८, ख्रिस्टीज, लंडन (डिलन): १२ लाख पौंड
- ऑक्टोबर २०१९, सदबीज, लंडन (फाइन अँड रेअर): सुमारे १४.५ लाख पौंड
- नोव्हेंबर २०२३, सदबीज, लंडन (आदामी): २१,८७,५०० पौंड

२०२३ च्या विक्रीपूर्वी मॅकॅलनने त्या बाटलीचे बूच बदलले आणि आतील द्रवाच्या अल्पशा नमुन्याची याच व्हिस्कीच्या दुसऱ्या बाटलीतील द्रवाशी तुलना केली.

बनावट बाटल्या

किमती वाढल्या तशी बनावटगिरीही वाढली. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथील एका हॉटेलात ‘१८७८ ची मॅकॅलन’ म्हणून एका ग्राहकाला एक पेला सुमारे १०,००० स्विस फ्रँकना विकण्यात आला. तपासणीत ती १९७० ते १९७२ च्या सुमारास तयार झालेली मिश्र व्हिस्की असल्याचे निष्पन्न झाले. ग्राहकाला पैसे परत करण्यात आले.

अशा तपासणीसाठी किरणोत्सर्गी कार्बन कालमापन वापरले जाते. १९५० नंतरच्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ वाढला आणि तो बार्लीच्या पिकातही उतरला. त्यामुळे १९५० पूर्वीची म्हणून सांगितलेल्या व्हिस्कीत हा वाढीव कार्बन-१४ आढळल्यास तो दावा खोटा ठरतो. २०१८ मध्ये स्कॉटिश विद्यापीठांच्या पर्यावरण संशोधन केंद्राने तपासलेल्या ५५ ‘जुन्या’ बाटल्यांपैकी २१ अस्सल निघाल्या नाहीत.

या पद्धतीसाठी आतील द्रवाचा थोडा नमुना काढावा लागतो. म्हणून लिलावापूर्वी सहसा बाहेरील खुणांवर भर दिला जातो. त्यात काच, लेबलचा कागद व छपाई, बुचावरील सील, द्रवाची पातळी आणि पूर्वीच्या मालकीची कागदपत्रे पाहिली जातात.

जतन

अल्कोहोलच्या सततच्या संपर्काने बूच खराब होते. त्यामुळे वाइनच्या उलट, व्हिस्कीच्या बाटल्या उभ्या ठेवतात. प्रखर प्रकाश आणि तापमानातील चढउतार टाळले जातात. मूळ खोके व प्रमाणपत्र सोबत असल्यास लिलावात अधिक किंमत मिळते.

हे सुद्धा पहा
- स्कॉच व्हिस्की
- लिलाव
- किरणोत्सर्गी कार्बन कालमापन