अढी, पेटी आणि कंगीना

एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. पिकते फळ इथिलीन वायू सोडते आणि शेजारच्या फळांनाही पिकवते, हे विज्ञानाने नंतर सांगितले. अनुभव मात्र आधीचा होता.

इतिहास चाळताना आम्हाला हाच अनुभव दूरदेशीही भेटतो. खलिफा मामूनसाठी (८१३-८३३) ख्वारिज्मची खरबुजे शिशाच्या पेटीत, बर्फात ठेवून पाठवली जात. शाबूत पोहोचलेल्या एका खरबुजाचे मोल ७०० दिरहम, असे सआलिबी लिहितो. सगळ्यांना बर्फ कुठला परवडणार? त्यांच्या कामी ऊन आले. त्याच खरबुजाच्या फोडी वाळवून, वेताच्या टोपल्यांत भरून हिंदुस्थानात येत. इब्ने बतूता दिल्लीत त्या आवर्जून मागवून घेई.

अफगाण शेतकऱ्याची रीत आणखी साधी. माती आणि भुशाच्या दोन परड्या एकमेकींवर ठेवून तो कडा लिंपतो. हा कंगीना. आत हवा बेताची, ओल टिकून. द्राक्षे नवरोजपर्यंत राहतात. मातीने नासणे लांबवले. कोकणातल्या पेंढ्याने ऊब धरून हापूस पिकवला.

१५२९ मध्ये बाबराने ख्वाजा कलाँला लिहिले की, खरबूज कापताना आपल्याला रडू आले. बादशहाच्या अश्रूंची नोंद राहिली. फळ जपून बांधणाऱ्या हातांची कोणी ठेवली? आज बंदी असूनही कार्बाइडने आंबा रातोरात पिवळा केला जातो, तेव्हा त्या अनाम हातांचे शहाणपणच आपण गमावत असतो.