स्क्रोलबार : पडद्यावरील एका मोजपट्टीचा इतिहास

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. प्रकरण अपंग व्यक्तींना अडचणीच्या ठरणाऱ्या ऑनलाइन केवायसी प्रक्रियेचे होते. त्यानिमित्ताने चेहऱ्याची ओळख, डोळ्यांची उघडझाप यांवर चर्चा झाली, आणि ती आवश्यकच होती. परंतु पडद्यावरील कोणत्याही अर्जाशी आपला संबंध त्याहून साध्या प्रश्नाने सुरू होतो : दिसते आहे ते एवढेच आहे, की खाली आणखी काही आहे? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी जे साधन घडवले गेले, ते म्हणजे खिडकीच्या कडेची स्क्रोलबार.

पोथी वाचणाऱ्याला हा प्रश्न कधी पडला नाही. वाचलेली पाने एका बाजूला, उरलेली दुसऱ्या बाजूला. किती झाले आणि किती राहिले हे हातालाच कळे. संगणकाच्या पडद्याला जाडी नाही. मजकूर पडद्यावर येताच ही माहिती नाहीशी झाली आणि ती चित्ररूपाने परत आणावी लागली.

हे काम प्रामुख्याने कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात झाले. तेथे १९७३ साली ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी लिहिलेल्या ‘ब्राव्हो’ या लेखन-प्रणालीत पडद्याच्या डाव्या कडेला एक अरुंद पट्टी राखून ठेवली होती. कर्सर तेथे नेऊन माउसचे बटण दाबले की मजकूर वर-खाली सरके. त्याच केंद्रात वाढलेल्या ‘स्मॉलटॉक’ प्रणालीने पुढचे पाऊल टाकले. ‘स्मॉलटॉक-८०’च्या खिडकीत कर्सर शिरताच डावीकडे एक पट्टी उमटे आणि तिच्यात एक करडा ठोकळा दिसे. ठोकळ्याची जागा आपण मजकुरात कोठे आहोत ते सांगे. त्याची उंची एकूण मजकुराचा किती भाग समोर आहे ते सांगे.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे सरळ गुणोत्तर आहे. ठोकळ्याची लांबी भागिले पट्टीची लांबी म्हणजे दिसणारा मजकूर भागिले एकूण मजकूर. ६०० ओळींपैकी ३० दिसत असतील, तर ४०० पिक्सेलच्या पट्टीत ठोकळा २० पिक्सेलचा होईल. स्क्रोलबार ही मजकूर सरकवण्याची कळ तर आहेच, शिवाय ती मोजपट्टीही आहे. तिच्या इतिहासात या दोन भूमिकांची वारंवार फारकत होत आलेली दिसते.

पहिली फारकत बाजारात झाली. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये पट्टी उजवीकडे आणि सदैव दृश्य होती, मात्र तिचा ठोकळा ठरावीक मापाचा चौकोन होता. दोन पानांचे पत्र असो वा दोनशे पानांचा ग्रंथ, चौकोन तेवढाच. १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्येही तेच. कळ राहिली, मोजमाप अर्धे गेले. त्याच वर्षीच्या अमिगा संगणकाने आणि पुढे नेक्स्टच्या प्रणालीने प्रमाणबद्ध ठोकळा वापरला, परंतु त्यांचे वापरकर्ते थोडे होते. बहुसंख्यांपर्यंत तो पोहोचला विंडोज ९५ मधून, आणि मॅकवर १९९८ च्या ८.५ या आवृत्तीतून.

ते मिळते न मिळते तोच पट्टीचे दुसरे काम कमी होऊ लागले. १९९६ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाउसने माउसवरचे चाक लोकप्रिय केले आणि ठोकळा पकडण्याची गरज घटली. २००७ साली आयफोन आला. त्याचा पडदा ३२० पिक्सेल रुंद होता. जुन्या मॅकची १६ पिक्सेलची पट्टी तेथे नेली असती, तर रुंदीचा विसावा भाग तिनेच व्यापला असता. शिवाय बोट मजकुरालाच ढकलत होते. म्हणून पट्टी सरकताना क्षणभर दिसून विरणारी बारीक रेघ झाली. लहान पडद्यासाठी हा निर्णय सयुक्तिक होता. परंतु २०११ साली ‘लायन’ या मॅक प्रणालीने तोच निर्णय मोठ्या पडद्यावर आणला. ट्रॅकपॅड वापरणाऱ्यांसाठी पट्टी आपोआप लपू लागली. जागेची टंचाई हे मूळ कारण तेथे नव्हतेच. पुढे सडपातळ, फिकट, लपणाऱ्या पट्ट्या सर्वत्र रूढ झाल्या.

याची किंमत मोजता येते. पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेल्या नियमानुसार लक्ष्यापर्यंत पोहोचण्याची अवघडता अंतर व लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमवर अवलंबून असते. रुंदी निम्मी केली की अवघडता एका बिटने वाढते. कंप पावणाऱ्या हाताला, अधू दृष्टीला आणि वयस्कर वापरकर्त्याला हा एक बिट फार जड जातो.

अखंड वाढत जाणाऱ्या पानांनी तर मोजपट्टीचा पायाच काढून घेतला. एकूण मजकूर किती हेच ठरलेले नसेल, तर गुणोत्तराचा छेद कोणता? तळाशी पोहोचावे, नवा मजकूर यावा आणि ठोकळ्याने पुन्हा वर उडी घ्यावी. शेवट दिसत नाही म्हणून थांबण्याची जागाही सापडत नाही.

आता पुन्हा त्या अर्जाकडे वळू. अटींचा मजकूर एका छोट्या चौकटीत आहे, चौकटीची पट्टी लपलेली आहे, दिसणारी शेवटची ओळ योगायोगाने पूर्णविरामावर संपते आणि खाली ‘मला मान्य आहे’ हे बटण आहे. आणखी मजकूर आहे हे ज्याला कळलेच नाही, त्याने दिलेल्या संमतीला संमती म्हणावे काय? २०२३ च्या आंतरराष्ट्रीय वेब-सुगम्यता निकषांत (डब्ल्यूसीएजी २.२) स्पर्श वा क्लिक करण्याच्या लक्ष्यासाठी किमान २४ गुणिले २४ पिक्सेलची अट आली, पण ज्यांचे माप ब्राउझरच ठरवतो अशा घटकांना तीतून सूट आहे. ब्राउझरची मूळ स्क्रोलबार त्यांतच मोडते. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस १७८०२’ हे सुगम्यतेचे मानक २०२१ व २०२२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले आहे. बँका व शासकीय सेवांचे पडदे त्यानुसार तपासले जातील तेव्हा बटणाच्या रंगाबरोबर हाही प्रश्न विचारला जावा : खाली आणखी आहे, हे दिसते काय?

तोवर एक उपाय आपल्या हाती आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी या विभागात, व्हिज्युअल इफेक्ट्सखाली, पट्टी सदैव दाखवण्याचा पर्याय मिळतो; मॅकवर तो अपिअरन्समध्ये आहे. घरातील ज्येष्ठांच्या संगणकावर तो आजच सुरू करून द्यावा.