रिव्हिएराचा उन्हाळा

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मे महिना उजाडला की मोठमोठ्या हॉटेलांना कुलपं लागत. गालिचे गुंडाळले जात, पाहुणे आपापल्या देशी परतत आणि नीस, कान, मांतों ही गावं शरद ऋतूपर्यंत पुन्हा स्थानिकांची होत. ज्या जुलै-ऑगस्टमध्ये आज तिथे समुद्राकाठी पाय ठेवायला जागा नसते, त्या महिन्यांत तिथे राहणं शहाण्या माणसाचं लक्षण समजलं जात नसे. उन्हासाठी जगभर नाव झालेल्या या रिव्हिएराची जन्मपत्रिका मांडली, तर तिची पहिली दीडशेहून जास्त वर्षं हिवाळ्याची निघतात.

सुरुवात झाली ती आजारपणातून. स्कॉटिश कादंबरीकार आणि डॉक्टर टोबायस स्मॉलेट १७६३ मध्ये छातीच्या दुखण्याने बेजार होऊन नीसला आला. पुढच्या वर्षी मे महिन्यात तो समुद्रात डुंबायला लागला, तेव्हा गावकरी थक्क झाले आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याचं मरण ओढवणार असं भाकीत केलं. तो मेला नाही, उलट त्याला बरं वाटलं. १७६६ मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापून आलं. त्यात त्याने स्थानिकांना भरपूर नावं ठेवली होती, पण तिथल्या हवेची तारीफही केली होती. इंग्रज वाचकांनी तारीफ तेवढी लक्षात ठेवली.

नीस तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं. ते सार्डिनियाच्या राज्यात होतं आणि फ्रान्सला मिळालं ते १८६० मध्ये. १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला कडाक्याच्या थंडीने संत्र्यांच्या बागा गेल्या, मजुरांच्या हाताला काम उरलं नाही, गावात भिकारी वाढले. तिथे हिवाळा काढणाऱ्या लुइस वे या इंग्रज पाद्रीने आपल्या देशबांधवांकडून वर्गणी जमवली आणि त्या मजुरांकडून समुद्राच्या कडेने पायवाट बांधून घेतली. जेमतेम दोन मीटर रुंद. लोक तिला ‘इंग्रजांची वाट’ म्हणू लागले. आजचा ‘प्रोमनाद दे झांग्ले’ हा रुंद समुद्रमार्ग म्हणजे तीच वाढवलेली पायवाट.

त्याच दशकात मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम महाबळेश्वरला इंग्रजांची वस्ती वसवत होता. मायदेशातला इंग्रज थंडीपासून पळून नीसला यायचा, आपल्याकडचा इंग्रज उन्हापासून पळून सह्याद्री चढायचा. शोध दोघांनाही सौम्य हवेचाच होता. रणरणतं ऊन दोघांनाही नको होतं.

कानचं नशीब एका साथीने उघडलं. १८३४ मध्ये लॉर्ड ब्रूम हे इंग्लंडचे माजी लॉर्ड चान्सलर आजारी मुलीला घेऊन इटलीकडे निघाले होते. प्रोव्हान्समध्ये कॉलरा पसरल्यामुळे सार्डिनियाच्या शिपायांनी त्यांना व्हार नदीच्या सरहद्दीवर अडवलं. नाइलाजाने ते माघारी वळून कान नावाच्या मासेमारीच्या खेड्यात थांबले. ते गाव त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी तिथेच जमीन घेऊन बंगला बांधला. मागोमाग इंग्लंडमधले उमराव आले. १८६४ मध्ये रेल्वे नीसला पोचली आणि जवळच्या मोनॅकोत जुगाराचे अड्डे सजले. क्षयरोग्यांबरोबर आता निरोगी श्रीमंतही येऊ लागले.

या पाहुण्यांचा दिवस बागेत फेरफटका, घोडागाडीतून हिंडणं आणि संध्याकाळचं संगीत यांत जाई. बायका छत्री, हातमोजे आणि बुरख्यासारख्या जाळीने ऊन अंगावर पडू देत नसत. रापलेली कातडी ही शेतमजुराची आणि कोळ्याची ओळख होती. ज्या ताडामाडांमुळे हा किनारा डोळ्यांत भरतो, तीही बरीचशी या पाहुण्यांच्या हौसेखातर परदेशातून आणून लावलेली झाडं.

राणी व्हिक्टोरियाने १८९५ ते १८९९ दरम्यान दरवर्षी नीसच्या सिमिए टेकडीवर मुक्काम केला. १८९७ च्या मुक्कामाआधी मोठं वादळ उठलं. आग्र्याहून आलेला तिचा मुन्शी अब्दुल करीम सोबत येणार म्हटल्यावर, त्याच्या पंक्तीला बसावं लागेल म्हणून दरबारी मंडळींनी नोकरी सोडण्याची धमकी दिली. राणीने संतापून टेबलावरच्या वस्तू जमिनीवर भिरकावल्या. मुन्शी नीसला गेला. सावळ्या माणसाला टेबलाशी बसवून न घेणाऱ्या या वर्गातल्या पुढच्या पिढीने, पाव शतकानंतर, याच किनाऱ्यावर सावळं दिसण्यासाठी तासन्‌तास उन्हात पडून राहायला सुरुवात केली.

मधल्या काळात बरंच काही कोसळलं होतं. पहिल्या महायुद्धाने आणि रशियन क्रांतीने रशियाचे ग्रँड ड्यूक संपवले, ऑस्ट्रिया आणि जर्मनीची उमरावशाही मोडून टाकली. हिवाळ्याचं गिऱ्हाइकच आटलं. त्यांच्या जागी अमेरिकन आले. युद्धापूर्वी एका डॉलरला सुमारे ५ फ्रँक मिळत. १९२६ च्या जुलैमध्ये ४० हून जास्त मिळू लागले.

त्या अमेरिकनांपैकी जेराल्ड आणि सारा मर्फी या जोडप्याला संगीतकार कोल पोर्टरने १९२२ च्या उन्हाळ्यात आंतीबला बोलावलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी तिथल्या ‘ओतेल द्यु काप’ या हॉटेलच्या मालकाला, आंत्वान सेला यांना, उन्हाळ्यातही हॉटेल थोडंफार चालू ठेवायला राजी केलं. गारूपच्या लहानशा पुळणीवर शेवाळाचा जाड थर साचलेला असे. जेराल्ड रोज दंताळं घेऊन तो ओढून काढी. त्या साफ केलेल्या तुकड्यावर चित्रकार पिकासो आला, कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्ड आला. मर्फींना पाहून फिट्झजेराल्डने ‘टेंडर इज द नाइट’ या कादंबरीतलं जोडपं उभं केलं.

पण हौशी मंडळींच्या सहलीचं चालीरीतीत रूपांतर झालं, त्यामागे डॉक्टर होते आणि गिरण्याही. सूर्यप्रकाशाने क्षय बरा होतो असा विश्वास स्वित्झर्लंडच्या आरोग्यधामांतून पसरला होता. प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सेनला १९०३ चं नोबेल मिळालं होतं. दुसरीकडे युरोपातला कष्टकरी शेतातून कारखान्यात आणि कचेरीत गेला होता. आता फिकट चेहरा दाखवून देई की हा माणूस दिवसभर छपराखाली राबतो. रापलेली कातडी म्हणजे रिकामा वेळ आणि खिशात पैसा. फॅशनकार जाँ पातूने १९२७ मध्ये उन्हात अंगाला लावायचं तेल बाजारात आणलं, तेव्हा या नव्या आवडीवर व्यापाराची मोहोर उठली.

१९३१ मध्ये किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांनी उन्हाळ्यातही दारं उघडी ठेवायचं ठरवलं. १९३६ मध्ये लेओं ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा दिली आणि रेल्वेने स्वस्त तिकिटं काढली. कारखान्यांना सुट्टी उन्हाळ्यात, म्हणून कामगारांचा समुद्रही उन्हाळ्यातलाच. हिवाळा श्रीमंतांना परवडत होता. उन्हाळा सगळ्यांना परवडू लागला. रिव्हिएराचा ऋतू कायमचा उलटला तो या रजेमुळे.

२०२१ मध्ये युनेस्कोने नीसला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, ते ‘रिव्हिएरावरचं हिवाळी विश्रांतीचं शहर’ या नावाने. वारसा हिवाळ्याने बांधलेल्या बंगल्यांचा, बागांचा आणि हॉटेलांचा. ते बघायला गर्दी मात्र जमते जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे ज्या महिन्यांत ते बांधणारे तिथे फिरकतही नसत.