साक्षीदाराला दिलेल्या शब्दाची कुळकथा

मुंबईतल्या घोडपदेवचा माणूस कामावर जाता-येता एका गव्हर्नरचे नाव घेतो आणि ते त्याच्या गावीही नसते. रे रोड स्टेशनचे नाव लॉर्ड रे यांचे. डोनाल्ड जेम्स मॅके, अकरावे लॉर्ड रे, १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. डिसेंबर १९१० मध्ये कुर्ल्याहून हार्बर लाइन सुरू झाली तेव्हा गाडी इथपर्यंतच यायची. घोडपदेवच्या पूर्वेला त्यांचे नाव असे कायमचे राहिले. ज्या प्रकरणात त्यांची खरी कसोटी लागली, ते मात्र विसरले गेले. बड्या साहेबाविरुद्ध जो साक्ष देईल त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही, असा शब्द त्यांच्या सरकारने दिला होता. माफीचा साक्षीदार, साक्षीदार संरक्षण असे शब्द आपण आज रोज वाचतो. त्यांचे आपल्याकडचे कूळ शोधायला गेले की या शब्दापाशी थांबावे लागते.

साहेब होते आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड. १८६५ मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले, १८६९ मध्ये त्यांच्या नावाची मंडई उभी राहिली. तिलाच आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात. माणूस कर्तबगार, पण खर्चाला हात सैल. करदात्यांनी ओरड केली आणि १८७१ मध्ये त्यांना मुंबईतून जावे लागले. १८८० च्या दशकात ते पुण्याला मध्य विभागाचे कमिशनर होते. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या, बदल्या त्यांच्या मुठीत होत्या. या मुठीपर्यंत पोचायचे तर मध्यस्थ हणमंतराव यांच्या हातावर पैसे ठेवावे लागत. चांगला तालुका हवा असेल तर पैसे, तापसरीच्या तालुक्यात जायचे नसेल तरी पैसे. अख्ख्या विभागात हे माहीत होते, पण लिहून द्यायला कोणी तयार नव्हते.

आणि का असावे? लाच देणारा स्वतःही गुन्हेगार. मामलेदाराने तोंड उघडले तर साहेब बुडण्याआधी तोच बुडणार. हा पेच लाचेच्या प्रत्येक खटल्यात असतो आणि पोलिसांच्या अत्याचाराच्या खटल्यात तर जास्तच असतो, कारण बंद खोलीत काय घडले हे सांगू शकणारा माणूस बहुधा त्या खोलीत काम करणाराच असतो. बाहेरच्याला किंकाळी ऐकू येते, पण मारणारा हात दिसत नाही.

१८८८ मध्ये रे यांच्या सरकारने क्रॉफर्डना निलंबित केले आणि पोलिसांचे इन्स्पेक्टर जनरल ओमॅनी यांना अधिकार दिला: जे खरे सांगतील त्यांना अभय द्या. या अभयाचा कायदेशीर पाया मला नीट उलगडून दाखवायचा आहे, कारण पुढचे सगळे रामायण तिथूनच घडले. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १३२ प्रमाणे साक्षीदाराला प्रश्नाचे उत्तर टाळता येत नसे; पण ज्या उत्तराची त्याच्यावर सक्ती झाली, ते खोट्या साक्षीचा खटला सोडला तर त्याच्याविरुद्ध वापरताही येत नसे. फौजदारी प्रक्रिया संहितेत माफीचीही तरतूद होती, पण ती कोर्टात चालणाऱ्या ठरावीक गुन्ह्यांपुरती. क्रॉफर्डची चौकशी कोर्टात चाललीच नाही. सरकारी नोकरांच्या चौकशीच्या १८५० च्या कायद्याखाली न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. शिवाय मामलेदाराला भीती होती ती तुरुंगाइतकीच नोकरी जाण्याची, आणि त्याबद्दल कायद्यात अक्षरही नव्हते. म्हणजे मामलेदारांना जे मिळाले ते कलम नव्हते, सरकारच्या तोंडचा शब्द होता.

त्या शब्दावर विसंबून मामलेदार पुण्यात आयोगापुढे उभे राहिले. एका मामलेदाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. कालपर्यंत आपण न्यायासनावर बसून दंड ठोठावत होतो, तालुक्यात आपल्याला रावसाहेब म्हणत होते. आज भरल्या खोलीत सांगायचे आहे की ही खुर्ची आपण पैसे मोजून मिळवली, किती मोजले आणि कोणाच्या हातात दिले. साहेबांचा बॅरिस्टर उलटतपासणीत विचारणार: तुम्ही स्वतःच लाच दिली म्हणता, मग तुमच्यावर विश्वास का ठेवायचा? आणि हा प्रश्न गैर नव्हता. गुन्ह्यातल्या साथीदाराची साक्ष चालते, पण दुसऱ्या पुराव्याचा आधार नसेल तर ती विश्वासाला पात्र धरू नये, असे तोच पुरावा कायदा सांगत होता.

आयोगाने लाचेचे आरोप सिद्ध झाले नाहीत असे म्हटले; आपल्या हद्दीतल्या लोकांकडून कर्ज काढल्याचा ठपका तेवढा ठेवला. तरीही क्रॉफर्ड नोकरीतून गेले. हणमंतरावांना वेगळ्या खटल्यात शिक्षा झाली. साहेबांचे प्रकरण इथे मिटले आणि साक्षीदारांचे सुरू झाले.

ज्या मामलेदारांनी सरकारच्या शब्दावर तोंड उघडले, त्यांच्याबद्दल आता पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले जाऊ लागले. लाच दिल्याची कबुली देणारी माणसे मॅजिस्ट्रेट म्हणून न्यायदान कशी करतात? सरकारी पदांच्या खरेदी-विक्रीला मनाई करणारा १८०९ चा एक इंग्रजी कायदा पुढे आणला गेला. रे यांच्या सरकारचे म्हणणे होते की शब्द दिला तो दिला. कलकत्ता आणि लंडन यांना ते पटेना. साहेबाला लाचेच्या आरोपातून मोकळे करायचे आणि आरोप सांगणाऱ्याला घरी बसवायचे, असा हा न्याय होता.

तेव्हा तिशीत असलेले टिळक या प्रश्नावर उभे ठाकले. ‘केसरी’त लेख आले, सप्टेंबर १८८९ मध्ये पुण्यात जाहीर सभा झाली, विलायतेत काँग्रेसचे काम पाहणारे विल्यम डिग्बी यांच्यापर्यंत पाठपुरावा झाला. टिळकांच्या चरित्रांत या प्रकरणाला जेमतेम दोन-चार पाने मिळतात, ती मला फार कमी वाटतात. लोकांत प्रिय नसलेल्या, स्वतः पैसे चारलेल्या माणसांसाठी ते भांडले, कारण प्रश्न माणसांचा नव्हता, दिलेल्या वचनाचा होता. अखेर त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाने साक्षीदारांना संरक्षण देणारा खास कायदा केला. पण वचन पुरते पाळले गेले नाहीच. दबावाखाली पैसे दिले असे ज्यांच्याबद्दल मानले गेले ते वाचले. आपणहून दिले असे ज्यांच्याबद्दल ठरले त्यांतल्या काहींच्या नोकऱ्या गेल्या.

याचा परिणाम काय झाला? आठ वर्षांनी याच पुण्यात प्लेग आला. घराघरांत शिरणाऱ्या गोऱ्या सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचे पुण्याहून पत्रांनी कळले आणि तेव्हा विलायतेत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ते तिथल्या वर्तमानपत्रात सांगितले. सरकारने पुरावा मागितला. दरम्यान प्लेग-अधिकारी रँडचा खून झाला होता, पुण्यात धरपकड चालू होती. साक्ष द्यायला एकही माणूस पुढे येईना. गोखल्यांनी पत्र लिहिणाऱ्यांची नावे सांगितली नाहीत. मुंबईला परतल्यावर ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी बिनशर्त जाहीर माफी मागितली आणि तो सल त्यांना पुढे वर्षानुवर्षे राहिला. आपण गोखल्यांच्या माफीबद्दल पुष्कळ बोलतो, साक्षीदारांच्या गप्प राहण्याबद्दल बोलत नाही. मामलेदारांचे काय झाले हे पुण्याने नुकतेच पाहिले होते, आणि इथे तर कोणी अभय देऊ केलेही नव्हते. माझ्या मते गोखल्यांच्या माफीची एक मुळी १८८९ पर्यंत जाते.

गुन्ह्यातल्याच माणसाच्या साक्षीवर विसंबावे लागण्याचा हा पेच जगात सर्वांत भयंकर रूपात उभा राहिला तो न्यूरेंबर्गच्या नाझी खटल्यात. ३ जानेवारी १९४६ या दिवशी सरकारी साक्षीदार म्हणून ओटो ओलेनडॉर्फ पिंजऱ्यात आला. नाझी सुरक्षा पोलिसांच्या मुख्य कार्यालयातला हा बडा अधिकारी. शांतपणे, हिशेब द्यावा तसा तो सांगत गेला: जून १९४१ पासून वर्षभर मी एका संहार-पथकाचा प्रमुख होतो, त्या काळात पथकाने सुमारे ९०,००० माणसे मारली, त्यांत बायका-मुलेही होती. नाझी पोलीसयंत्रणा कशी मारत होती हे तिच्याच माणसाच्या तोंडून कोर्टाने ऐकले. माफीचा कागद त्याच्या हातात नव्हता. पुढे त्याच्या नावानेच खटला उभा राहिला. सत्तावीस वर्षांचे वकील बेंजामिन फेरेंझ यांनी एकही साक्षीदार न बोलावता, पथकांनी स्वतः बर्लिनला पाठवलेल्या अहवालांवर दोन दिवसांत आरोप मांडले. १९४८ मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि ७ जून १९५१ रोजी ती अमलात आली.

चार दिवसांनी त्याच पिंजऱ्यात एरिख फॉन डेम बाख-झेलेव्स्की आला होता. मध्य रशियातल्या एसएस आणि पोलिसांचा हा प्रमुख. १९४४ चा वॉर्साचा उठाव चिरडणाऱ्या फौजांचाही. त्यानेही आपल्या वरिष्ठांविरुद्ध साक्ष दिली. आरोपींच्या बाकावरून गोअरिंगने त्याला शिव्या घातल्या. त्याला मात्र पोलंडच्या ताब्यात देण्यात आले नाही. रशियातल्या आणि वॉर्सातल्या कत्तलींसाठी त्याच्यावर कधीच खटला चालला नाही. पुढे जर्मन कोर्टांनी त्याला जन्मठेप दिली ती युद्धाआधीच्या खुनांसाठी. एक बोलला आणि फासावर गेला, दुसरा बोलला आणि कत्तलींच्या जाबातून सुटला. लेखी पुरावा हाताशी असताना मोठ्या गुन्हेगाराच्या साक्षीसाठी न्याय गहाण टाकू नये, हे या दोघांकडे पाहून मला ठामपणे म्हणावेसे वाटते. मामलेदारांना अभय द्यायला हवे होते, कारण ते साखळीचे खालचे, दबलेले टोक होते. ओलेनडॉर्फ हुकूम देणारा होता.

आपल्याकडे १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याच्या कलम ६ ने मामलेदारांना भासलेली उणीव काही अंशी भरून काढली. आयोगापुढे दिलेली जबानी, खोट्या साक्षीचा खटला सोडला तर, साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाही. १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलींबद्दल न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगापुढे लोक याच संरक्षणाखाली बोलले. जानेवारी १९९६ मध्ये सरकारने आयोग गुंडाळला, मेमध्ये तो पुन्हा सुरू झाला, फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल आला आणि त्यात ३१ पोलिसांवर ठपका होता. पण आयोगातली साक्ष फौजदारी कोर्टात जशीच्या तशी चालत नाही. साक्षीदाराला पुन्हा पोलीस ठाण्यात जबाब, पुन्हा कोर्ट, पुन्हा उलटतपासणी. वर्षे जातात. एखादा गाव सोडतो, एखादा मरतो, एखादा फितूर होतो. घोडपदेवच्या चाळीत कोणालाही विचारा, माझगाव कोर्टात साक्षीला जाणार का म्हणून. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हेच ऐकायला मिळेल. त्या माणसांना भित्रे म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही.

५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करायचा, धोक्याचा अहवाल पाच कामकाजी दिवसांत मागवायचा, त्यानंतर पाच दिवसांत निर्णय. गरज पडली तर घराला पहारा, बंद खोलीत साक्ष, नवी ओळखसुद्धा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्याला अशी योजना करणे बंधनकारक केले आहे. १८८९ च्या मामलेदाराने हे वाचले असते तर त्याचा विश्वास बसला नसता.

एक गाठ मात्र तशीच आहे. धोक्याचा अहवाल करायचा तो पोलीस अधिकाऱ्याने, आणि समितीत जिल्ह्याचा पोलीसप्रमुख बसलेला. साक्ष पोलिसाविरुद्धच असेल, कोठडीतल्या मृत्यूची असेल, तर साक्षीदाराने आपला पत्ता आणि आपली भीती कोणाकडे सोपवायची? अशा प्रकरणांत धोक्याचा अहवाल पोलिसांकडून न घेता न्यायाधीशांनी नेमलेल्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडून घ्यावा, आणि समितीतून पोलीसप्रमुखांनी बाजूला व्हावे, एवढी दुरुस्ती महाराष्ट्राने आपल्या योजनेत करावी. तोवर ज्यांच्यावर अशी साक्ष द्यायची वेळ येईल त्यांनी पोलीस ठाण्याच्या तोंडी आश्वासनावर राहू नये. संरक्षणाचा अर्ज लेखी करावा, थेट न्यायाधीशांच्या समितीकडे द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.