माथ्यावरची माती

दिवाळी जवळ आली की भिंतींना रंग लागतो, अंगण सारवले जाते, फडताळे झाडली जातात. छपराकडे मात्र कोणी मान वर करून पाहत नाही. त्याची आठवण होते ती पावसाळ्यात, अंथरुणावर टपकन् थेंब पडला म्हणजे. वास्तविक घराला नाव मिळते ते छपरावरूनच. भिंती दगडाच्या असोत की विटांच्या, आपण म्हणतो कौलारू घर, पत्र्याचे घर, धाब्याचे घर.

यांतले धाब्याचे घर हे सोलापूरकडचे खरे घर. अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे गाव अगदी कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेले. तिथे एकाच ओट्यावर मराठी आणि कानडी सुखाने नांदतात. सपाट मातीच्या छपराला मराठी माणूस माळवद म्हणतो, कानडी माणूस माळिगे म्हणतो, आणि कोणाचेच अडत नाही. पाऊस वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास, ऊन मात्र बेचाळीस अंशांच्या वर चढणारे. अशा मुलखात पाणी झटकन् ओघळून जाण्यापेक्षा ऊन थोपवणे महत्त्वाचे. कोकणाने उतरते छप्पर केले आणि या मुलखाने सपाट, यात दोघांचाही शहाणपणा दिसतो.

माळवद म्हणजे नुसती छपरावर टाकलेली माती, असे मात्र कोणी समजू नये. दगडी तळखड्यावर सागवानी किंवा बाभळीचा खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. घराची ऐपत या खणांवर मोजत, ‘पाच खणांचे घर’ म्हटले की सोयरिकीच्या बोलण्याला वजन येई! कड्यांवर किलच, म्हणजे लाकडाच्या आखूड पट्ट्या. गरिबाघरी त्यांच्या जागी तुराट्या. त्यावर वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला, आणि मग माती.

ही माती शेतातली काळी चालत नाही. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. माळवदाला लागते ती पांढरी, खारी माती. तिच्यातल्या क्षारांमुळे पहिल्या सरीतच तिचे बारीक कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात आणि पुढचे पाणी आत शिरत नाही. मग ते पन्हळीतून रस्त्यावर पडते. गावोगावच्या पडक्या गढ्या या मातीपायीच निम्म्या झाल्या. शत्रूच्या तोफांनी जे केले नाही ते टोपलीने केले!

या छपरावर कुरडया-सांडगे वाळत, उन्हाळ्यात सारे घर झोपे, आणि दिवाळीत पणत्यांची रांग एका माळवदावरून शेजारच्या माळवदावर सहज जाई. गळती लागली तर दुरुस्तीही सोपी होती. रोहिण्यांच्या आधी चार टोपल्या माती वर टाकायची, चोपण्याने चोपायची, की झाले. बापाने टाकली, मुलाने टाकली, नातवाने टाकली. जुनी माती खाली उतरवण्याचे कारणच कोणाला पडले नाही. वीतभर जाडीचे माळवद दोन-तीन पिढ्यांत दीड-दोन फुटांचे झाले.

मधल्या काळात नवी छपरे येऊ लागली होती. मंगळूरला बासेल मिशनने 1865 साली कौलांचा कारखाना काढला. लंडनमध्ये 1829 साली पेटंट झालेला पन्हळी पत्रा हिंदुस्थानभर पसरला. सोलापूरकडून दुधनीवरून जाणारी रेल्वे 1871 साली रायचूरला पोचली आणि याच मार्गावर असलेल्या शहाबादची फरशी लांबलांबच्या घरांना मिळू लागली. पत्रा हलका खरा, पण चैत्रात भट्टी आणि वळवात पतंग. म्हणून त्याच्यावर दगड ठेवतात. तेव्हा जुने लोक माळवदाला धरून राहिले, यात आडमुठेपणा नव्हता.

दुधनीपासून सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपास किल्लारी आहे. 1993 सालच्या अनंत चतुर्दशीची रात्र सरून 30 सप्टेंबरची पहाट व्हायची होती. चारच्या सुमारास जमीन हादरली. आठ हजारांच्या आसपास, काहींच्या मते त्याहूनही अधिक, माणसे गेली. ‘धाबे दणाणले’ असे आपण रोज बोलतो. त्या पहाटे ते अक्षरशः घडले. भूकंपाची तीव्रता सहापेक्षा थोडी अधिक, म्हणजे जगात अघटित म्हणावी अशी नव्हती. पण दहा फूट बाय बारा फूट खोलीवर दोन फूट माती म्हणजे सुमारे अकरा टन ओझे. आणि ते झेलणार कोण? आतला एक पदर, बाहेरचा एक पदर आणि मध्ये माती-चिपा भरलेली दगडी भिंत. हादऱ्यात दोन्ही पदर सुटले, आणि माथ्यावरची माती झोपलेल्या घरावर आली. जिथे खांब-तुळयांचा सांगाडा धड होता तिथे काही ठिकाणी भिंती ढासळूनही छपरे उभी राहिली. खणांच्या घराला जुने लोक मान देत, तो नुसत्या श्रीमंतीचा नव्हता म्हणायचा.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन झाले. त्यात पडलेली गावे नव्याने बांधण्याबरोबर, उभी असलेली घरे बळकट करण्याचेही काम होते. माळवदावरची माती उतरवून थर पातळ करायचा आणि पाण्यासाठी मध्ये प्लॅस्टिकचा कागद घालायचा; भिंतीत आरपार लांब दगड बसवून दोन्ही पदर सांधायचे; खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेकू द्यायचे; भिंतींना सभोवार सिमेंट-लोखंडाचा पट्टा बांधायचा. साऱ्याच गोष्टी गावच्या गवंड्या-सुतारांना जमण्याजोग्या होत्या.

आता जो तो स्लॅब घालतो. तेवढ्याच खोलीवर पाच इंची स्लॅबचे वजन साडेतीन टन. मंगळुरी कौले लाकडासकट टनाच्या आत, पत्रा तर शंभर किलोच्याही आत. स्लॅब एकसंध असतो. त्याला खांब, तुळया आणि गजांची नीट साथ असली तर तो पुष्कळ सोसतो. पण नुसत्या जुन्या दगड-मातीच्या भिंतींवर स्लॅब चढवणे म्हणजे एक ओझे काढून दुसरे ठेवणे.

आणि स्लॅब गळतोच. पाण्याला उतार कमी पडला, पन्हळीचे तोंड तुंबले, की पाणी साचते, आतले गज गंजतात, पोपडे सुटतात. मग गवंड्याला बोलावून जुन्या कोब्यावर नवा कोबा घातला जातो. पाच-सात वर्षांनी आणखी एक. चांगला गवंडी आधी जुना कोबा फोडून खाली उतरवायला सांगतो, भेग शोधतो, उतार पाहतो, मगच नवा माल कालवतो. मजुरी जास्त होते म्हणून घरमालक कुरकुरतो.